‘लिट्ल’ आणि ‘स्मॉल’: दोन्ही लहानच, मग फरक कुठे?

मंजिरी_के:
लहान मुलांच्या एका इंग्रजी गोष्टीचं मराठी करते आहे. वाक्यं सोपी आहेत, पण ‘लिट्ल’ हा शब्द पानोपानी भेटतो. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘लहान, छोटा, थोडा, किंचित’ असं दिलंय आणि ‘स्मॉल’पुढेही बरंचसं तेच.

माझं मत असं की ‘स्मॉल’ माप सांगतो आणि ‘लिट्ल’ बोलणाऱ्याचं मन सांगतो. ‘अ स्मॉल हाउस’ ऐकलं की खोल्या मोजून झाल्यासारखं वाटतं. ‘अ लिट्ल हाउस’ ऐकलं की त्या घराबद्दल बोलणाऱ्याला काहीतरी वाटतंय हे कळतं. माया असेल, कीव असेल, कौतुक असेल.

दोन प्रश्न आहेत. हे नियम म्हणून धरून चालता येईल का? आणि मराठीत हा फरक आणायचा कसा? दर वेळी ‘छोटंसं’ लिहिलं तर पानभर ‘छोटंसं’च होतं.

अनुस्वार:
चांगला विषय. वाचतोय.

खडूफळा:
बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं निरीक्षण बरोबर दिशेनं जातंय. वाक्यात हे दोन शब्द कुठे बसतात ते पाहिलं की फरक आणखी स्पष्ट होतो. ‘द हाउस इज स्मॉल’ हे अगदी सहज वाक्य आहे. ‘द हाउस इज लिट्ल’ कानाला खटकतं. ‘लिट्ल’ला नामाच्या आधी, त्याला खेटून बसायला आवडतं. त्यातही त्याच्या आधी भावना सांगणारं एखादं विशेषण आलं की तो खुलतो: ‘नाइस लिट्ल’, ‘पुअर लिट्ल’, ‘फनी लिट्ल’. तिथे ‘स्मॉल’ घालून पाहा, जमत नाही.

दुसरी खूण तुलनेची. ‘स्मॉल, स्मॉलर, स्मॉलेस्ट’ ही शिडी सगळे चढतात. ‘लिट्लर, लिट्लेस्ट’ मुलांच्या बोलण्यात किंवा लाडात येतं, एरवी माणसं टाळतात. तुलना म्हणजे मोजणं, आणि मोजायचं असलं की इंग्रजी माणूस ‘स्मॉल’कडे वळतो. ‘व्हेरी स्मॉल’ आकाराबद्दल असतं, ‘व्हेरी लिट्ल’ म्हटलं की बहुतेक वेळा गोष्ट प्रमाणावर जाते: फारच थोडं.

मुलांना हमखास गोंधळात टाकणारी तिसरी गोष्ट म्हणजे ‘लिट्ल’ आणि ‘अ लिट्ल’. तो ‘अ’ एवढासा, पण अर्थ उलटा करतो. ‘देअर इज अ लिट्ल होप’ म्हणजे थोडी आशा आहे, धीर धरा. ‘देअर इज लिट्ल होप’ म्हणजे आशा जवळजवळ सुटली. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी हीच जोडी ‘अ फ्यू’ आणि ‘फ्यू’ची.

शब्दवेडी:
@खडूफळा, हा ‘अ’चा खेळ मराठीत आपला ‘च’ खेळतो! ‘थोडं पाणी आहे’ आणि ‘थोडंच पाणी आहे’. पहिलं ऐकून माणूस भांडं पुढे करतो, दुसरं ऐकून मागे घेतो. ‘अ लिट्ल’ म्हणजे थोडं, ‘लिट्ल’ म्हणजे थोडंच. मला वर्गात हे असं कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

खडूफळा:
उत्तम. हे मी वर्गात सांगत असे, पण भांडं पुढे आणि मागे करणं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

नीरक्षीर:
‘थोडंच’ मला पूर्ण पटत नाही. ‘थोडंच’मध्ये कधीकधी दिलासाही असतो. ‘थोडंच राहिलंय, आलोच’ असं आपण म्हणतो, तिथे निराशा कुठे आहे? नुसत्या ‘लिट्ल’ला ‘फारसं नाही’ जास्त जवळचं. ‘देअर इज लिट्ल होप’ म्हणजे ‘फारशी आशा नाही’. इंग्रजीत वाक्य होकारार्थी दिसतं, अर्थ मात्र नकाराचा असतो. तो नकार मराठीत उघड करावा लागतो.

शिवाय बोलताना इंग्रजी माणसं नुसतं ‘लिट्ल’ कमीच वापरतात. ‘आय हॅव लिट्ल मनी’ हे लिखाणातलं, जरा भारदस्त वाक्य आहे. बोलताना ‘आय डोण्ट हॅव मच मनी’ म्हणतात, नाहीतर आधी ‘व्हेरी’ किंवा ‘ओन्ली’ लावतात.

शब्दवेडी:
@नीरक्षीर, ‘थोडंच राहिलंय’मध्ये उरलेलं काम कमी असणं हीच आनंदाची गोष्ट आहे. हवी असलेली वस्तू ‘थोडीच’ असली की निराशा, नको असलेली ‘थोडीच’ असली की दिलासा. ‘च’ आपलं काम दोन्हीकडे सारखंच करतो. पण ‘फारसं नाही’ अनुवादाला जास्त सुरक्षित, हे मान्य.

रानवाट:
पक्षी पाहणाऱ्यांच्या बाजूने थोडी भर. पक्ष्यांच्या इंग्रजी नावांत ‘लिट्ल’ भरपूर आहे आणि तिथे माया वगैरे काही नाही. लिट्ल इग्रेट म्हणजे आपला लहान बगळा. मध्यम बगळा आणि मोठा बगळा वेगळे, तेव्हा इथे ‘लिट्ल’ म्हणजे सरळ मापाची पायरी. (ओळखायचा तर पावलं पाहा. चोच काळी, पाय काळे आणि पावलं मात्र पिवळी, नुकती रंगात बुडवून काढल्यासारखी.)

गंमत अशी की ‘लिट्ल’ची सगळी रूपं या नावांत सापडतात. सुरय पक्ष्यांत लिट्ल टर्न आहे, लेसर क्रेस्टेड टर्न आहे आणि लीस्ट टर्नही आहे. ‘लेसर’ बहुधा तिथे येतं जिथे समोर ‘ग्रेटर’ उभा असतो. लेसर फ्लेमिंगो म्हणजे छोटा रोहित, कारण ग्रेटर फ्लेमिंगो नावाचा मोठा रोहित आहे.

मराठीने मात्र एका ठिकाणी कमाल केली आहे. लिट्ल ग्रीबला आपण ‘टिबुकली’ म्हणतो. नावात लहान, छोटी, काही नाही, तरी ऐकताक्षणी कळतं की हे काहीतरी एवढंसं आणि गोलमटोल असणार. आणि असतंच तसं. शेपूट जवळजवळ नाही, बसलेली दिसते न दिसते तोच बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. पिल्लं लहान असताना आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. मंजिरी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला या नावात दिसतं. लहानपण शब्दाच्या घडणीतच घालायचं, वेगळं विशेषण कशाला?

मनीमाऊ:
टिबुकली! आज दिवसभर हाच शब्द तोंडात राहणार.

ताम्रपट:
@रानवाट यांनी नेमकं बोट ठेवलं. इंग्रजीला लहानपण दाखवायला बहुतेक वेळा स्वतंत्र शब्द लागतो. ‘पिगलेट’, ‘आउलेट’, ‘डकलिंग’ असे प्रत्यय तिथे आहेत, पण ते हवे त्या शब्दाला लावता येत नाहीत. मराठीत शब्द स्वतःच लहान होतो.

एक वाट लिंगाची. हातोडा आणि हातोडी, सुरा आणि सुरी, दोर आणि दोरी, डबा आणि डबी, लोटा आणि लोटी, पेटारा आणि पेटी, गाडा आणि गाडी, विळा आणि विळी. मोठं ते पुल्लिंगी, लहान ते स्त्रीलिंगी.

दुसरी वाट नपुंसकलिंगाची. वासरू, कोकरू, शिंगरू, करडू, पाखरू, लेकरू. अजून वाढ व्हायची आहे असं सगळं ‘ते’.

तिसरी वाट प्रत्ययांची: चिमुकला, पिटुकला, छोटुकला, सानुला, सोनुला, चिमुरडा, इवलासा. हे लाडाचे शब्द आहेत आणि ‘लिट्ल’मधली माया यांच्यात पुरेपूर उतरते.

सरळमार्गी:
@ताम्रपट, विळा आणि विळीची जोडी मात्र काढून टाका. विळ्याने शेतात कापतात, विळीवर बसून भाजी चिरतात. विळी म्हणजे लहान विळा नव्हे, ती वेगळीच वस्तू आहे. गाडा आणि गाडीचंही आता तसंच. रेल्वेगाडी काही गाड्यापेक्षा लहान नाही.

ताम्रपट:
विळीबद्दल सहमत, आज त्या दोन वस्तू वेगळ्याच आहेत. गाडीचा आकार नंतर वाढला, नाव ठरलं तेव्हा ती गाड्याहून लहानच होती. शब्द एकदा रुळला की वस्तूबरोबर परत बदलत नाही. इंग्रजीतही पाहा, ‘बुकलेट’ कधी चांगलं जाडजूड असतं.

चांदणचुरा:
आकाशातलंही एक उदाहरण आहे. इंग्रजीतलं ‘लिट्ल बेअर’ म्हणजे लॅटिनमधलं ‘उर्सा मायनर’, लहान अस्वल. आपल्याकडे त्याला ध्रुवमत्स्य म्हणतात. ध्रुवतारा त्या अस्वलाच्या शेपटीच्या टोकाला. तिकडे मोठं अस्वल आणि लहान अस्वल अशी जोडी लावली, आपण मोठ्यात सप्तर्षी पाहिले आणि लहानात मासा. तुलनाच केली नाही, त्यामुळे ‘लहान’ म्हणायची वेळच आली नाही.

आणि ‘लिट्ल आइस एज’साठी मराठी पुस्तकांत ‘लघु हिमयुग’ वाचलं आहे. ते इंग्रजी नाव भूवैज्ञानिक फ्रान्स्वा मॅथेस यांनी 1939 मध्ये वापरलं. आज ते साधारण चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या थंड काळाला लावतात. इथे ‘छोटंसं हिमयुग’ म्हणून चालणारच नाही. शास्त्रात ‘लघु’ हवं.

नीरक्षीर:
आता मूळ मुद्द्यालाच थोडा विरोध करतो. ‘लिट्ल’मध्ये भावना आणि ‘स्मॉल’मध्ये माप, हे फार नीटनेटकं झालं. ‘लिट्ल फिंगर’मध्ये कसली भावना? करंगळी ती करंगळी. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर टाकलेल्या अणुबॉम्बचं सांकेतिक नाव ‘लिट्ल बॉय’ होतं. साधारण 3 मीटर लांब आणि 4,400 किलो वजनाची वस्तू ती. त्या नावातला ‘लिट्ल’ मला आजही अंगावर येतो.

उलट ‘स्मॉल’मध्ये भावना नाही असंही नाही. ‘आय फेल्ट स्मॉल’ म्हणजे मी खजील झालो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘स्मॉल-माइंडेड’ म्हणजे कोत्या मनाचा. इथे कुणी फूटपट्टी लावत नाही.

शब्दवेडी:
‘स्मॉल’चा एक जुना अर्थ इथे उपयोगी पडेल. जर्मनमधला ‘श्माल’ त्याचा भाऊ आणि त्याचा अर्थ अरुंद. इंग्रजीतही ‘स्मॉल’चा ‘बारीक, अरुंद’ हा अर्थ पूर्वी होता. त्याचा मागमूस ‘द स्मॉल ऑफ द बॅक’मध्ये राहिला आहे, म्हणजे पाठीचा खालचा, कमरेजवळचा अरुंद भाग. ‘स्मॉल-माइंडेड’ला आपण कोता, संकुचित म्हणतो, त्यातही अरुंदपणाच आहे की!

खडूफळा:
@नीरक्षीर, भाषेतल्या नियमाला अपवाद असतातच, म्हणून तो नियम टाकून द्यायचा नसतो. ‘लिट्ल फिंगर’ किंवा ‘लिट्ल इग्रेट’ ही ठरून गेलेली नावं आहेत. ठरलेल्या नावात बोलणाऱ्याला निवड नसते आणि जिथे निवड नाही तिथे भावनाही दिसत नाही. जिथे ‘स्मॉल’ही चाललं असतं, तरी बोलणारा ‘लिट्ल’ म्हणाला, तिथे कान द्यायचा.

मंजिरी_के:
@खडूफळा, ‘जिथे निवड होती तिथे कान द्यायचा’ हे मी लिहूनच ठेवलं आहे. गोष्टीतली सगळी ‘लिट्ल’ आता याच चाळणीतून काढते.

एक अडलेली जागा सांगते. गोष्टीतली मोठी बहीण चिडून म्हणते, ‘यू अँड युअर लिट्ल फ्रेण्ड्स’. इथे माया नाही, तुच्छता आहे. ‘तू आणि तुझे छोटे मित्र’ लिहिलं तर भलताच अर्थ होतो.

सरळमार्गी:
‘तू आणि तुझे ते मित्र!’ बस. तो ‘ते’ जोर देऊन म्हणायचा, सगळा राग त्यात येतो.

मनीमाऊ:
‘ते’ एकदम पटलं. आमच्या घरी ‘तुझा तो मोबाइल’ असं म्हटलं की वस्तू चांगली की वाईट हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि चिडक्या बहिणीसाठी ‘कार्टं’ विसरू नका. ‘यू लिट्ल डेव्हिल’ला त्याच्याइतका चपखल शब्द नाही. रागाने म्हटलं तर शिवी, लाडाने म्हटलं तर लाड. ‘लिट्ल’ दोन्हीकडे चालतो तसंच.

ताम्रपट:
‘कार्टं’ नपुंसकलिंगी आहे हेही बघा. जे लिंग वासराला, लेकराला माया देतं तेच इथे हिणवायला वापरता येतं. इंग्रजीतल्या ‘-लिंग’ प्रत्ययाचंही असंच आहे. ‘डार्लिंग’मध्ये प्रेम, ‘अंडरलिंग’मध्ये तुच्छता. लहान करणं म्हणजे कुशीत घेणंही असतं आणि पायरी दाखवणंही.

अनुस्वार:
पायरी दाखवण्यावरून ‘बिलिट्ल’, म्हणजे कमी लेखणं, आठवला. या शब्दाचा सगळ्यात जुना ठाऊक असलेला वापर थॉमस जेफरसनचा (हा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला) मानतात. झालं असं की ब्यूफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने लिहिलं होतं की अमेरिकेतले प्राणी जुन्या जगातल्या, म्हणजे युरोप-आशियाकडच्या, प्राण्यांपेक्षा आकाराने लहान आणि खुरटे असतात. जेफरसनला ते सहन झालं नाही. 1780 च्या दशकात व्हर्जिनियाबद्दल लिहिलेल्या टिपणांत त्याने प्राण्यांच्या वजनांची कोष्टकंच मांडली आणि त्याच वादात ‘बिलिट्ल’ हा शब्द लिहिला. पुढे 1787 मध्ये अमेरिकेतून एका मूसचा सांगाडा आणि कातडं मागवून ब्यूफाँला पाठवलं. मूस म्हणजे तिकडचं प्रचंड हरीण.

त्या वेळी इंग्लंडमधल्या समीक्षकांनी या नव्या शब्दाची खिल्ली उडवली. आज तोच शब्द तिथेही सर्रास वापरतात.

शब्दवेडी:
किती सुंदर! मुळात आकाराचाच वाद, म्हणून शब्दही आकाराचा. आज ‘बिलिट्ल’मध्ये आकार राहिलेलाच नाही, आपलं ‘कमी लेखणं’ तेवढं उरलं.

सरळमार्गी:
अवांतर: ‘लेसर’मध्ये ‘लेस’ म्हणजे आधीच ‘अधिक कमी’ असताना वर पुन्हा तुलनेचा ‘-अर’ कशाला? हे दुहेरी झालं ना?

खडूफळा:
झालंच आहे. ‘लेसर’ ही दुहेरी तुलनाच, पण शतकानुशतकं चालत आल्यामुळे तिला शिष्टमान्यता आहे. ‘लेस’ प्रमाण सांगतो, ‘लेसर’ दर्जा किंवा थोरपण सांगतो, असं काम त्यांनी वाटून घेतलं आहे.

रानवाट:
म्हणजे छोट्या रोहितला दर्जा कमी दिलाय की काय! छोट्या रोहितांचा थवा गुलाबी रंगात मोठ्या रोहितांपेक्षा गडद दिसतो हो.

टंकबहाद्दर:
उशिरा आलो, पण वाचून मजा आली. एक राहिलं. ‘अ लिट्ल’चा सगळ्यात जास्त वापर आकारासाठीही नाही आणि प्रमाणासाठीही नाही. तो सौजन्यासाठी असतो. ऑफिसात कुणी ‘आय अ‍ॅम अ लिट्ल बिझी’ म्हटलं की समजावं, आज काही जमणार नाही. ‘देअर इज अ लिट्ल प्रॉब्लेम’ म्हटलं की बसूनच ऐकावं. मराठीत हे सगळं ‘जरा’ सांभाळतो. ‘जरा बोलायचं होतं’ असं कुणी म्हटलं तर बोलणं लहान असेलच असं नाही.

त्याचा पुढचा टप्पा ‘अ लिट्ल टू’. ‘अ लिट्ल टू क्लेव्हर’ला मराठीत तयार जोडी आहे: ‘जरा जास्तच शहाणा’. एकही शब्द शोधावा लागत नाही.

नीरक्षीर:
याच्या उलटंही होतं. ‘नॉट अ लिट्ल’ म्हणजे पुष्कळ. ‘ही वॉज नॉट अ लिट्ल सरप्राइज्ड’ म्हणजे तो चांगलाच चकित झाला. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बरेच. आपल्याकडे ‘थोडेथोडके नव्हेत’ आहेच. लहानपणा नाकारून मोठेपणा सांगायची रीत दोन्ही भाषांत सारखीच निघाली.

मंजिरी_के:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापर्यंत जमलेलं असं आहे. ‘अ नाइस लिट्ल हाउस’ला ‘छान टुमदार घर’. ‘हर लिट्ल ब्रदर’ला ‘तिचा धाकटा भाऊ’, कारण गोष्टीत तो तिच्यापेक्षा उंच आहे आणि छोटा म्हणणं चुकीचं ठरलं असतं. ‘लिट्ल फ्रेण्ड्स’ला ‘ते मित्र’. कोकराच्या आधीचं ‘लिट्ल’ गाळूनच टाकलं, कोकरू लहानच असतं.

एक जागा अजून सुटत नाही. एका प्रकरणाच्या शेवटी ‘लिट्ल डिड शी नो’ असं आहे. मुलगी आनंदात दार उघडते आणि बाहेर काय आहे ते तिला ठाऊक नाही. ‘तिला थोडंच माहीत होतं’ तर लिहिता येत नाही.

खडूफळा:
ही जागा म्हणजे @नीरक्षीर यांच्या मुद्द्याचा पुरावा आहे. ‘लिट्ल’ वाक्याच्या सुरुवातीला आला आणि लगेच ‘डिड’ कर्त्याच्या आधी सरकलं. असं ‘नेव्हर’, ‘हार्डली’ यांसारखे नकाराचे शब्द पुढे आणले की होतं. म्हणजे व्याकरणाच्या लेखी इथे ‘लिट्ल’ नकारच आहे. अर्थ ‘तिला मुळीच कल्पना नव्हती’. ‘लिट्ल वंडर’ही त्यातलंच. त्याला मी नेहमी ‘नवल ते काय’ सांगायचो.

मनीमाऊ:
‘तिला बिचारीला काय ठाऊक!’

नीरक्षीर:
‘बिचारी’ नको. दाराबाहेर संकटच आहे असं आधीच सांगून टाकल्यासारखं होतं. बाहेर काय आहे मंजिरी? संकट की काही छान?

मंजिरी_के:
छान. हरवलेलं कुत्र्याचं पिल्लू परत आलेलं असतं.

शब्दवेडी:
मग ‘तिला कुठे ठाऊक होतं!’ एवढंच ठेवा. ‘कुठे’मध्ये नकार आहे, पण भीती नाही, आणि पान उलटायची घाई मात्र होते.

नीरक्षीर:
+१. आणि पुढच्या पानावर ‘पिल्लू’च्या आधी ‘छोटंसं’ लावू नका.

मंजिरी_के:
नाही लावत. ‘तिला कुठे ठाऊक होतं!’ घेतलं.

रानवाट:
पुढच्या लेखनाला शुभेच्छा. गोष्टीत कुठे तळं असेल तर त्यात एक टिबुकली सोडा.